अळूतला बगळा

कप उलटा करून बुडाखालचा शिक्का बघायचा असेल, तर आधी त्यातला चहा पिऊन टाकावा लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पन्नाशी उलटलेल्या आणि गाडी चालवण्याचं लायसन्स बाळगणाऱ्या माणसाला एवढी जाण असतेच. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी भाऊ टिपणीस म्हणाले, "सलिल, आता बगळा बघ," आणि मी आज्ञाधारकपणे कप उलटा केला. चहा मांडीवर आला, मी उभा राहिलो, आणि कप खाली गेला.

खाली कोटा फरशी होती. बगळ्याचा पाय सोफ्याखाली गेला, चोच टीपॉयच्या पायाशी थांबली, आणि 'हॉलिंगबी अँड सन्स, स्टॅफर्डशायर' एवढा मजकूर फ्रिजच्या दिशेनं सरपटत निघून गेला.

आवाज ऐकून मालनवहिनी स्वयंपाकघरातून आल्या.

"भाजलं का रे?"

"नाही वहिनी."

वहिनींनी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग आता भाजेल."

पण भाऊ काहीच बोलले नाहीत. मला खरी भीती वाटली ती त्याची. कोलशेतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, आणि तो कप समोर असताना भाऊ गप्प बसलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते.

भाऊंची ओळख करून द्यायची तर ती बुडापासूनच करून द्यावी लागेल. जगातली बाकीची माणसं कपबशी वरून बघतात. भाऊ खालून बघतात. उडप्याकडे गेलो की वेटरनं ठेवलेली बशी आधी उलटी होते, मग ऑर्डर. लग्नात पंगतीला बसलं की सगळे पान वाढायची वाट बघत असतात आणि भाऊ रिकामी वाटी डोळ्यांसमोर धरून तिची जन्मपत्रिका वाचत असतात. मुलीच्या, मैथिलीच्या, लग्नाची बोलणी करायला ही मंडळी मुलुंडला गेली, तेव्हा मुलाच्या आईनं मोठ्या हौसेनं ठेवणीतला सेट काढला होता. "आमच्या सासूबाईंचा, विलायती," असं त्या म्हणाल्या. भाऊंनी बशी उलटी केली आणि सांगितलं, "नाही हो, हा आपल्याकडचाच." सत्य बोलायला ती जागा बरी नव्हती. लग्न झालं, पण विहीणबाई अजून त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देतात.

या सगळ्याच्या मुळाशी हॉलिंगबी होते. हॉलिंगबी म्हणजे इंग्लंडातला चिनी मातीच्या भांड्यांचा एक कारखाना, आता बंद पडलेला. भाऊ इंग्लंडला कधी गेले नाहीत. पण तिथल्या गावातल्या संग्रहालयाशी ईमेल करकरून त्यांनी या कंपनीचा इतिहास असा काही गोळा केलाय, की एबनेझर हॉलिंगबी हे त्यांच्या आत्याचे यजमान असावेत असं वाटावं. एबनेझरची पहिली भट्टी कशी खचली, त्याची बायको हॅना हिनं ओढ्याकाठचा बगळा बघून तो बशीवर कसा काढला, आणि पुढे तोच एका पायावरचा निळा बगळा कंपनीचा शिक्का कसा झाला, हे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही पाठ आहे. त्या मातीत जनावरांच्या हाडांची राख घालतात, म्हणून तर कप उजेडात धरला की पलीकडचं बोट दिसतं. हे भाऊंनी एकदा फार कौतुकानं घरात सांगितलं. त्या दिवसापासून मालनवहिनींनी तो कप श्रावणात मासे तळायच्या तव्याशेजारी नेऊन ठेवायला सुरुवात केली.

इतिहासात एकच गोम होती. एबनेझर, त्याचा मुलगा, कपांना मिळालेली पदकं इथपर्यंत गाडी छान यायची. मग भाऊ खाकरायचे आणि म्हणायचे, "मधला काळ जरा वेगळा गेला." त्यानंतर एकदम कारखान्याला कुलूप.

"वेगळा म्हणजे कसा, भाऊ?" मी एकदा विचारलेलं.

"वेगळा म्हणजे वेगळा."

तर या इतिहासावर जाहीर भाषण करायचं, ही भाऊंची फार वर्षांची इच्छा. ठाण्यातल्या सगळ्या मंडळांनी त्यांना अत्यंत आदरानं टाळलं होतं. शेवटी डोंबिवलीचं एक ज्येष्ठ नागरिक मंडळ तयार झालं. त्यांच्या सेक्रेटरी अमृताताई साळवे, महापालिकेतून निवृत्त झालेल्या इंजिनिअर, फोनवर स्वच्छ म्हणाल्या, "या रविवारी या टिपणीससाहेब. पण नुसतं बोलू नका. मागच्या वेळी एक गृहस्थ दोन तास नुसतं बोलले, निम्मे लोक झोपले आणि उरलेले घरी जाऊन झोपले. काहीतरी वस्तू दाखवा."

वस्तू म्हणजे हा कप. भाऊंकडे हॉलिंगबीचा तेवढा एकच होता. शुक्रवारी चालली होती ती भाषणाची तालीम. मी श्रोता होतो आणि चहा भाषणाचा भाग होता. आणि आता त्या कपाचे तुकडे मी गुडघ्यांवर बसून सुपलीत गोळा करत होतो.

"भाऊ, फेविक्विकनं जोडू," मी म्हणालो.

भाऊंनी सुपलीतला एक तुकडा उचलून उलटा करून बघितला आणि परत ठेवला.

"ऑनलाइन मिळेल एखादा."

"परवापर्यंत?"

"मग फोटो दाखवू ना, मोठ्ठा करून."

"फोटो बघून लोक म्हणतील, हा माणूस इतकी वर्षं फोटोबद्दल बोलतोय." भाऊ उठले आणि त्यांनी मोबाइल हातात घेतला. "अमृताताईंना कळवतो. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो. तशी नाहीच आहे." त्यांचा चेहरा बघून मला माझी, नाही म्हटलं तरी भाजलेली, मांडी कमी झोंबायला लागली. या वयात पुन्हा कुणी बोलावेल, असं त्यांनाही वाटत नव्हतं आणि मलाही.

"फोन ठेवा," मालनवहिनी म्हणाल्या. "कप गेला तर गेला. खाली आहे की दुसरं."

"मालन!" भाऊ असे ओरडले की मी हातातली सुपलीही सोडणार होतो.

"दुसरं काय?" मी विचारलं.

"काही नाही. अळू आहे खाली," भाऊ म्हणाले.

"अळू कशात आहे, ते सांगा ना त्याला," वहिनी म्हणाल्या.

बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळ, मालनवहिनींचं अळू आहे. गणपतीत सगळ्या बिल्डिंगला अळूवडी जाते ती त्याच्या पानांची. खाजत नाही, पान कसं रेशमासारखं. ती कुंडी जरा बसकी, पुढे निमुळती, वर कड असलेली, बाहेरून गेरू लावलेली आणि त्यावर मैथिलीनं लहानपणी काढलेली वारली माणसं नाचत असलेली. मला ती नेहमी कुठल्यातरी प्रदर्शनातून आणलेली डिझायनर कुंडी वाटायची.

"वहिनी," मी हळूच म्हटलं, "तो कमोड आहे?"

"हॉलिंगबीचा," वहिनी म्हणाल्या. "आत बगळासुद्धा आहे. यांनीच माती भरायला लावली, तो दिसू नये म्हणून."

मी आजवर खाल्लेल्या एकेका अळूवडीची आठवण काढू लागलो.

"चेहरा असा करू नकोस," वहिनी म्हणाल्या. "घासून घेतला होता. आणि गेल्या गणपतीत तू मागून मागून नेल्या होत्यास."

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभे होते. मधला काळ वेगळा म्हणजे कसा गेला, ते मला आता समजू लागलं होतं.

शनिवारी सकाळी वहिनींनी अळूचे कंद काढून दोन बादल्यांत हलवले. मी माती उपसली. पाइपनं पाणी मारल्यावर आतून पांढरंशुभ्र भांडं निघालं आणि त्याच्या मागच्या भिंतीवर निळा बगळा, एका पायावर, कपावरच्यापेक्षा चांगला चौपट मोठा. भाऊ आधी लांब उभे होते. मग जवळ आले. मग घरी जाऊन जुना टूथब्रश घेऊन आले आणि मला बाजूला सारून बगळ्याच्या पायातली माती काढायला बसले. गेरूचा शेवटचा ओघळ आणि वारली माणसं निघून गेल्यावर मात्र ते एकदम भानावर आले.

"हे डोंबिवलीला न्यायचं नाही."

"का?" वहिनी म्हणाल्या.

"लोक हसतील."

"अहो, लोक कपालाही हसायचे. तुम्ही बोलत असायचात म्हणून तुम्हाला ऐकू नाही आलं."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंपाकडे पाहिलं.

"हा नाही तर भाषण नाही," वहिनी म्हणाल्या. "काय ते ठरवा. मला अळू परत लावायचंय."

रविवारी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. भाऊ पुढे, इस्त्रीच्या झब्ब्यात, मांडीवर भाषणाचे कागद. मागे वहिनी आणि त्यांच्या शेजारी कमोड. गाडी सुरू झाली तशी टुंग टुंग करायला लागली. मी दारं तपासली, ब्रेक तपासला.

"मागच्या सीटवर कुणी बेल्ट लावलेला नाही म्हणतेय ती," भाऊ म्हणाले.

वहिनींनी लावलेला होता. म्हणजे उरलेल्या पॅसेंजरनं लावला नव्हता. तो लावल्यावरच गाडी शांत झाली. शिळफाट्याला, आणि मग मानपाड्याच्या सिग्नलला, नेहमीप्रमाणे सगळं जग अडकून पडलेलं. शेजारच्या रिक्षावाल्यानं आत डोकावून बघितलं. पट्टा लावून ताठ बसलेला कमोड आणि त्याच्यावर हात ठेवून बसलेल्या वहिनी.

"काकी, पाहुण्यांना घेऊन कुठं?" त्यानं विचारलं.

"भाषण आहे त्यांचं," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी काच वर केली.

हॉलवर पोचल्यावर अमृताताईंनी स्वागत केलं. कमोड लोकांना आधीच दिसू नये, असा भाऊंचा आग्रह होता. आम्ही तो मागच्या दारानं नेऊन स्टेजवरच्या टेबलावर ठेवला. झाकायला काही नव्हतं. मला तिथं एक घडी केलेली शाल दिसली, ती मी वरून पांघरली. ती भाऊंच्या सत्कारासाठी आणलेली होती, हे मला नंतर कळलं.

कार्यक्रम सुरू झाला. मंडळाचे अध्यक्ष नव्वदीचे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेले. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम सुरू होताना कुणाच्यातरी प्रतिमेला हार घालावा लागतो. अध्यक्षांच्या हातात कुणीतरी हार दिला. फोटो होता डाव्या कोपऱ्यात. अध्यक्षांना समोर टेबलावर खांद्यावरून शाल पांघरलेला एक अर्धपुतळा दिसला. ते सरळ तिकडे गेले, हार घातला, दोन पावलं मागे सरून त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

अध्यक्ष हात जोडून उभे राहिले म्हटल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं.

मी भाऊंकडे बघायचं टाळलं. वहिनी पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि तो भक्तीनं लावलेला नव्हता.

मग अमृताताईंनी वक्त्यांची ओळख करून दिली आणि म्हणाल्या, "आता टिपणीससाहेब आपल्याला ती ऐतिहासिक वस्तू दाखवतील." भाऊ उठले. त्यांनी हार काढून बाजूला ठेवला आणि शाल उचलली.

आधी पुढच्या रांगेतल्यांनी माना लांब केल्या. मग तिसऱ्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. सगळ्यात मोठ्यानं अध्यक्ष हसत होते, शेजारच्यानं त्यांना कानात काय ते सांगितल्यावर. भाऊ हातातल्या कागदांकडे बघत होते. आता हे स्टेजवरून उतरतात, असं मला वाटलं. गाडीची किल्लीही मी चाचपून ठेवली.

पण भाऊंनी कागदांची घडी केली आणि खिशात घातली.

"हसा," ते म्हणाले. "हॉलिंगबींच्या घरी याच्यावर हसायचीसुद्धा परवानगी नव्हती."

आणि मग आमच्या बिल्डिंगनं आजवर न ऐकलेला मधला काळ सुरू झाला. एबनेझरचे कप सुंदर होते, पदकं मिळत होती, पण कारखाना तोट्यात चालला होता. तेवढ्यात इंग्लंडात शहरोशहरी गटारं बांधायला लागले आणि घरोघरी कमोड हवा झाला. एबनेझरच्या नातवानं तो करायला घेतला. आजीचा बगळा आता भांड्याच्या आत जाऊन उभा राहिला. त्याच्या जिवावर भट्ट्या पेटत्या राहिल्या, कामगारांची घरं चालली, आणि तोट्यातले कपही निघत राहिले. लंडनच्या दुकानात मात्र काचेमागे फक्त कप. कमोड मागच्या गल्लीतून जायचे. जेवणाच्या टेबलावर त्यांचं नाव काढायचं नाही, असा घरचा नियम. पुढे या नातवाच्या मुलाला सरदार-उमरावांच्यात उठबस करायची होती. कमोडवाले हॉलिंगबी म्हटलेलं त्याला सोसेना. त्यानं तो धंदा विकून टाकला आणि नुसते कप ठेवले. थोड्याच वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं.

"हे मला सगळं ठाऊक होतं," भाऊ म्हणाले, "आणि मी कुणाला सांगत नव्हतो. माझ्याही घरी तोच नियम होता."

हॉलमधलं हसणं केव्हा थांबलं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"आता हा माझ्याकडे कसा, ते सांगतो. कोलशेतला एका रंगाच्या कारखान्यात मी कारकून म्हणून लागलो. ऑफिस होतं जुन्या इंग्रज मॅनेजरच्या बंगल्यात. पहिल्याच दिवशी साहेबानं मी लिहिलेलं पत्र सगळ्यांसमोर फाडलं आणि विचारलं, तुला कुणी पास केलं? मी तिथून निघालो तो थेट बाथरूममध्ये. कडी लावली. रडायलाच गेलो होतो. खाली मान घातली तर समोर हा. एवढी निळी सुबक चोच. मी म्हटलं, लेका, तू असल्या ठिकाणी एका पायावर इतका ऐटीत उभा राहतोस, आणि मला देवानं दोन दिलेत. तोंड धुतलं आणि बाहेर आलो. त्याच कारखान्यातून निवृत्त झालो. मधे बंगला पाडला, तेव्हा लोकांनी पंखे नेले, सागवानी दारं नेली. मी हा मागितला. हसले सगळे. मी म्हटलं, बायकोला कुंडी हवीय. पँट्रीत एक कप सापडला, तो खिशात घातला. आणि पुढे जन्मभर लोकांना तो कप दाखवत राहिलो."

टाळ्या वाजल्या त्या नुसत्या शिष्टाचाराच्या नव्हत्या. मग प्रश्न सुरू झाले. अमृताताई तर सेक्रेटरीपण विसरून कमोडला प्रदक्षिणाच घालत होत्या. "कपातलं मला काही कळत नाही हो, पण ड्रेनेज माझं खातं. ही वळणाची नळी बघा! इतकी साफ वळवलीय. याला पाणी किती लागत असेल?" अध्यक्षांनी हात वर करून विचारलं, की मी ज्याला नमस्कार केला तो फुकट गेला नाही ना? भाऊ म्हणाले, "मुळीच नाही. मी रोज करायचो." मंडळाचा चहा आला, गार झाला, कुणी उठलं नाही. शाल शेवटी भाऊंच्याच खांद्यावर पडली. पुढच्या महिन्यात कल्याणच्या दुसऱ्या एका मंडळात हेच भाषण करायचं, असं अमृताताईंनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. "पण पाहुण्यांना घेऊन या हं," असं त्यांनी बजावलं.

परतताना भाऊ मागे बसले. बेल्ट त्यांनी स्वतः लावला, आधी त्याला आणि मग स्वतःला. वहिनी पुढे आल्या.

"तर मग अळू कशात लावू मी?" त्यांनी विचारलं.

"बघू. प्लास्टिकची कुंडी आणू एक."

"खाजेल."

"खाजू दे."

गाडी मानपाड्याला पुन्हा अडकली. आरशात भाऊ दिसत होते, एक हात कमोडच्या कडेवर ठेवून आरामात टेकलेले. वेळ चांगली आहे, असं मला वाटलं. हॉलमधून निघाल्यापासून ओठांवर आलेलं मी बोलूनच टाकलं.

"भाऊ, म्हणजे बघा, मी शुक्रवारी कप फोडला नसता, तर हे काहीच झालं नसतं. एका परीनं माझ्यामुळे भलंच झालं की तुमचं!"

भाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"भलं कमोडनं केलं, तू फक्त कप फोडलास."